आकाशांतील संकटें आणि तीं मोजण्याचीं तीन मापें

'अमक्या दिवशीं आकाशांतून संकट कोसळणार आणि सर्व सृष्टि नाश पावणार,' अशी आवई खेड्यापाड्यांतून वारंवार उठत असते. पूर्वीं ती बाजाराच्या दिवशीं माणसांच्या तोंडून येई. आतां ती मोबाइलवरून चित्रासह येते. अशी बातमी आली म्हणजे लोक शाळामास्तरांस किंवा उपदेशकांस विचारावयास येतात, 'हें खरें काय?' त्या वेळीं हंसून बोलणें उडवून देणें सोपें आहे, आणि मान हालवून गप्प बसणेंही सोपें आहे. परंतु हीं दोन्हीं उत्तरें अपुरीं होत. कारण आकाशांतून येणारीं कांहीं संकटें खरोखरचीं आहेत, आणि कांहीं अगदीं पोकळ आहेत. खरें कोणतें व पोकळ कोणतें हें ओळखावयास शिकणें, हा ह्या पाठाचा हेतु आहे.

दोन आवया

१९१० सालीं हॅलेचा धूमकेतु दिसूं लागला. १८ व १९ मे ह्या दिवसांच्या दरम्यान पृथ्वी त्याच्या शेपटींतून जाईल असें गणितावरून निघालें. त्याच सुमारास धूमकेतूच्या प्रकाशांत सायनोजन नांवाच्या विषारी वायूची खूण सांपडली. एवढें निमित्त पुरें झालें. युरोप व अमेरिका ह्या खंडांतील पुष्कळ लोक घाबरून गेले. कित्येकांनीं दाराखिडक्यांच्या फटी बुजविल्या, आणि धूर्त विक्रेत्यांनीं 'धूमकेतूवरील गोळ्या' विकून पैसा केला. रात्र सरली, उजाडलें, आणि कोणाचाही श्वास कोंडला नाहीं. धूमकेतूच्या शेपटींतील वायु इतका विरळ असतो कीं, आपल्या भोंवतालच्या हवेपुढें तो असून नसल्यासारखाच. तोच धूमकेतु १९८६ सालीं पुन्हां येऊन गेला, व २०६१ सालीं पुन्हां येईल.

दुसरी आवई आपल्याच देशांतली. १९६२ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या ३ ते ५ ह्या तारखांस सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरु, शनि आणि केतु हे मकर राशींत एकत्र आले. ह्यास 'अष्टग्रही' म्हणत. जगबुडी होणार ह्या भीतीनें देशभर यज्ञयाग झाले. ते दिवस इतर दिवसांसारखेच आले व गेले. चंद्र व सूर्य ह्यांच्या ओढीनें समुद्रास भरती येते हें खरें. पण बाकीचे ग्रह इतके दूर आहेत कीं, त्या सर्वांची ओढ एकत्र केली तरी ती चंद्राच्या ओढीपुढें नगण्य ठरते. आणि केतु ही तर वस्तूच नव्हे. चंद्राचा मार्ग व सूर्याचा मार्ग जेथें एकमेकांस छेदतात, त्या स्थानांपैकीं एकाचें तें नांव आहे.

दोन्ही वेळां लोक फसले, तें भित्रे होते म्हणून नव्हे, तर त्यांनीं मोजलें नाहीं म्हणून. धान्य घेतांना आपण तें पायलीनें मोजून घेतों. बातमी मात्र न मोजतां पदरांत घेतों. म्हणून आकाशाची कोणतीही बातमी आली कीं तिला तीन मापें लावावीं: जें येणार त्याचें बळ किती? तें किती दूर आहे? आणि केव्हां येणार? हीं मापें कशीं लावावयाचीं तें आतां पाहूं.

दूरचीं संकटें

सूर्याचाच विचार प्रथम करूं. त्याचें बळ मोठें आहे ह्यांत शंका नाहीं. तो फार सावकाश अधिकाधिक प्रखर होत आहे. सुमारें १०० कोटि वर्षांनीं त्याच्या तापानें समुद्र आटूं लागतील, आणि सुमारें ५०० कोटि वर्षांनीं तो फुगून तांबडा व प्रचंड होईल, असें ज्योतिर्विद सांगतात. हें संकट खरें आहे. पण तिसरें माप लावा. आपल्यासारखा मनुष्य पृथ्वीवर वावरूं लागून अवघीं ३ लाख वर्षें झालीं. १०० कोटि वर्षांपुढच्या गोष्टीसाठीं आज कोणीं पेरणी थांबविण्याचें कारण नाहीं.

दुसरें संकट तारा फुटण्याचें. मृग नक्षत्राजवळचा काक्षी नांवाचा तांबूस तारा शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. २०१९ सालच्या अखेरीस तो मंद झाला, आणि 'तो आतां फुटणार व आपणांस जाळणार' अशी बातमी सर्वत्र पसरली. पुढें कळलें कीं, त्यानेंच बाहेर टाकलेल्या धुळीचा ढग आड आला होता. काक्षी एक दिवस फुटेल हें खरें. परंतु दुसरें माप लावा. त्याचा प्रकाश आपणांपर्यंत पोहोंचावयास ५०० वर्षांहून अधिक लागतात. फुटणाऱ्या ताऱ्यानें पृथ्वीवरील जीवांचा नाश व्हावा तर तो ह्याच्या कितीतरी जवळ असावा लागतो. काक्षी फुटला तर आकाशांत एक तेजस्वी दिवा कांहीं महिने दिसेल, इतकेंच.

तिसरें, सूर्यावरील वादळ. हें खरोखरच येतें, आणि आपल्या हयातींतही येऊं शकतें. १८५९ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभीं असें एक मोठें वादळ पृथ्वीवर आदळलें. युरोप-अमेरिकेंत तारायंत्रें बंद पडलीं. त्या वेळीं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतील चुंबकसूचीची जी नोंद झाली, तिच्या आधारें आजचे शास्त्रज्ञ त्या वादळाचें बळ ठरवितात. १९८९ सालच्या मार्च महिन्यांत अशाच वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज सुमारें ९ तास गेली. येथें पहिलें माप लावा. ह्या वादळाचें बळ तारांवर व यंत्रांवर चालतें. हवेचें जाड पांघरूण व पृथ्वीचें चुंबकत्व जीवांचें रक्षण करतात. विजेवर चालणाऱ्या दवाखान्यास व नळपाण्यास हा मोठा त्रास आहे, पण जगाचा अंत नव्हे. आपल्या देशानें २०२३ सालीं आदित्य नांवाचें यान सूर्यावर नजर ठेवण्यासाठींच पाठविलें आहे.

तिन्ही मापांत उतरणारें संकट

आतां उरलें तें आकाशांतून पडणाऱ्या दगडाचें संकट. तें मात्र तिन्ही मापांत उतरतें. त्याचें बळ मोठें, तें जवळून जातें, आणि केव्हांही येऊं शकतें. त्याची साक्ष पाहावयास परदेशीं जाण्याची गरज नाहीं.

बुलढाणा जिल्ह्यांत लोणार येथें खाऱ्या पाण्याचें जें गोल सरोवर आहे, त्याच्या खोलगट भागाची रुंदी सुमारें १,८०० मीटर आहे. भोंवतालचा दगड ज्वालामुखीचा असल्यामुळें तें ज्वालामुखीचेंच तोंड असावें असें पुष्कळ काळ वाटे. परंतु तेथील खडकांत प्रचंड धक्क्यानें कांच बनलेलें खनिज सांपडलें. असा धक्का ज्वालामुखीनें बसत नाहीं. १९७३ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें, आणि आकाशांतून आलेल्या अशनीनें हा खड्डा पडला हें ठरलें. तो केव्हां पडला ह्याविषयीं मतभेद आहे. कोणी सुमारें ५० हजार वर्षें म्हणतात, तर नव्या मोजणीनें सुमारें ५ लाख ७० हजार वर्षें येतात.

लोणारची अशनि एका मुलुखापुरती होती. ह्याहून फार मोठी, सुमारें १० किलोमीटर रुंदीची अशनि ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं आज जेथें मेक्सिको देश आहे तेथें आदळली. लुइस अल्वारेझ व त्याचा पुत्र वॉल्टर ह्यांनीं दोन सहकाऱ्यांसह १९८० सालीं दाखवून दिलें कीं, त्या काळच्या मातीच्या एका पातळ थरांत इरिडियम ही धातु प्रमाणाबाहेर आहे. ही धातु पृथ्वीच्या पाठीवर दुर्मिळ, पण अशनींत पुष्कळ असते. पुढें १९९१ सालीं चिक्शुलुब गांवाजवळ जमिनीखालीं दडलेला सुमारें १८० किलोमीटर रुंदीचा खड्डाच ओळखला गेला.

जीव मेले ते सर्व त्या आघाताखालीं चिरडून मेले नाहींत. धूळ, काजळी व गंधकाचे कण आकाशांत चढले, आणि सूर्याचा प्रकाश महिनोन्‌महिने अडला. एक मोसम पाऊस न पडल्यास काय होतें हें आपण जाणतां. तेथें तर ऊनच गेलें. झाडपाला मेला, तो खाणारे मेले, आणि त्यांस खाणारेही मेले. त्या काळच्या प्राण्यांच्या व वनस्पतींच्या जातींपैकीं सुमारें तीनचतुर्थांश नाहींशा झाल्या. त्याच युगांत आपल्या दख्खनच्या पठारावर लाव्हारस थरावर थर वाहत होता. ज्यांत वेरूळ व अजिंठा येथील लेणीं कोरलीं आहेत तो हा दगड. नाशांत ह्या उद्रेकाचा वांटा किती, ह्याचा वाद विद्वानांत अद्याप चालू आहे.

एवढी मोठी अशनि कोट्यवधि वर्षांत एखादी. लहान मात्र अधिक वेळां येतात. १९०८ सालीं ३० जूनच्या सकाळीं सैबेरियांत तुंगुस्का नदीजवळ एक अशनि हवेंतच फुटली, आणि सुमारें २ हजार चौरस किलोमीटर अरण्य आडवें झालें. तेथें वस्ती फार विरळ म्हणून मोठा अनर्थ टळला. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं रशियांतील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारें २० मीटर रुंदीची अशनि फुटली. ती सूर्याच्या दिशेनें आल्यामुळें कोणासही आधीं दिसली नव्हती. लख्ख उजेड पडला, आणि तो पाहावयास लोक खिडक्यांशीं धांवले. दीडदोन मिनिटांनीं हवेचा तडाखा आला, कांचा फुटल्या, आणि सुमारें १,५०० माणसें जखमी झालीं. एका शाळेंत मात्र शिक्षिकेनें उजेड पाहतांच मुलांस मेजांखालीं बसविलें. तिला स्वतःला कांचेनें मोठी जखम झाली. मुलांपैकीं एकासही इजा झाली नाहीं. शाळामास्तरहो, हें ध्यानांत ठेवावें: आकाशांत असा उजेड दिसला तर खिडकीपासून दूर व्हावें, आवाज मागून येतो.

पहारा

परंतु ह्या संकटाचा एक विशेष आहे. सूर्याचें तेज किंवा ताऱ्याचें फुटणें मनुष्यास थांबवितां येत नाहीं. दगडाची वाट मात्र आधीं कळल्यास बदलतां येते. २६ सप्टेंबर २०२२ रोजीं अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेनें सुमारें ५७० किलो वजनाचें एक यान, १ कोटि किलोमीटरांहून दूर असलेल्या डायमॉर्फस नांवाच्या १६० मीटर रुंदीच्या दगडावर मुद्दाम आदळविलें. तो दगड दुसऱ्या एका मोठ्या दगडाभोंवतीं सुमारें १२ तासांत फिरत असे; त्या फेऱ्यास लागणारा वेळ ३३ मिनिटांनीं कमी झाला. त्या दगडापासून पृथ्वीस धोका नव्हता. हा केवळ सराव होता. परंतु जी गोष्ट पूर्वीं कोणाही प्राण्यास करतां आली नाहीं, ती करतां येते हें त्यानें सिद्ध झालें.

असा धक्का पुष्कळ वर्षें आधीं दिला तर थोडकाही पुरतो. म्हणून सर्व भिस्त पहाऱ्यावर आहे. १ किलोमीटरहून मोठ्या व पृथ्वीजवळून जाणाऱ्या दगडांपैकीं ९० टक्क्यांहून अधिक सांपडले आहेत, आणि त्यांपैकीं एकही पुढील १०० वर्षांत आपणांवर येणारा नाहीं. परंतु १४० मीटर व त्याहून मोठे जितके असावेत असा अंदाज आहे, त्यांतले निम्मेही अद्याप सांपडलेले नाहींत. एखाद्या प्रांताची राखरांगोळी करावयास तेवढा दगड पुरे. खरी काळजी हीच आहे.

पहारेकरी बोलतात तें कसें समजावें, तेंही सांगतों. २०२४ सालच्या २७ डिसेंबर रोजीं सुमारें ६० मीटर रुंदीचा एक दगड सांपडला. २२ डिसेंबर २०३२ रोजीं तो पृथ्वीवर पडण्याचा संभव आरंभीं शेंकडा १ होता, फेब्रुवारी २०२५ मध्यें तो शेंकडा ३ वर गेला, आणि ज्या पट्ट्यांत तो पडूं शकेल त्यांत आपल्या मुंबईचेंही नांव वृत्तपत्रांनीं छापलें. त्याच महिन्याच्या अखेरीस हा संभव जवळजवळ शून्य झाला. कित्येक म्हणाले, 'शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्यां एक.' तसें नाहीं. टेकडीवरून लांब धुळींत एक बैलगाडी दिसली. ती समोरच्या तीस गांवांपैकीं कोठेंही जाईल. ती एक फांटा ओलांडते, दहा गांवें गळतात. आपलें गांव अद्याप उरलेलें असतें, म्हणून आपल्याकडे येण्याचा संभव वाढतो. शेवटच्या फांट्यावर ती दुसरीकडे वळते, आणि संभव संपतो. गाडी बदलली नाहीं. आपली नजर स्पष्ट झाली.

अपोफिस नांवाच्या, ३०० मीटरहून रुंद दगडाविषयींही २००४ सालीं असेंच भय उत्पन्न झालें होतें. आतां निश्चित झालें आहे कीं, १३ एप्रिल २०२९ रोजीं तो पृथ्वीपासून सुमारें ३२ हजार किलोमीटर अंतरावरून, कांहीं उपग्रहांहूनही जवळून, निघून जाईल. आणि पुढील १०० वर्षें त्याचें भय नाहीं. तो दिवस जवळ आला कीं आवया उठतील हें निश्चित. त्या वेळीं उत्तर देण्याची तयारी आजच करावी.

आपण काय करावें

अंताची तारीख सांगण्याचा अधिकार पवित्र शास्त्रानें कोणासही दिलेला नाहीं. जो ती सांगतो त्याच्यापासून मंडळीनें सावध असावें, आणि तो पैसे मागत असेल तर अधिकच सावध असावें. परंतु आवईवर विश्वास न ठेवणें म्हणजे निष्काळजी होणें नव्हे. रात्रीं शेत राखणारा माणूस प्रत्येक सळसळीस ओरडत नाहीं, आणि झोंपतही नाहीं; तो कान देऊन ऐकतो, काय आहे तें पाहतो, मग उठतो. आकाशाच्या बाबतींतही आपली रीत हीच असावी.

मंडळींत विचारण्यासाठीं प्रश्न

१. १९१० व १९६२ सालच्या आवयांस तिन्ही मापें लावून पाहा. त्या कोणत्या मापांत उतरत नाहींत?
२. लोणारचें सरोवर ज्वालामुखीनें झालें नाहीं हें कशावरून ठरलें?
३. चेल्याबिन्स्कच्या शिक्षिकेनें काय केलें, आणि तें योग्य कां होतें?
४. दगडाचें संकट इतर संकटांहून कोणत्या गोष्टींत वेगळें आहे?
५. २०२९ सालच्या एप्रिलमध्यें कोणी घाबरून तुम्हांकडे आला, तर त्यास काय सांगाल?