पडीक रान कापायचंय? आधी चालून ये

वडिलोपार्जित रान पाच-सात वर्षं पडून राहिलं, की सात-बाऱ्यावर ते आपलं असतं आणि प्रत्यक्षात गाजर गवताचं, कुंद्याचं, वेड्या बाभळीचं. हल्ली पुण्या-मुंबईची पोरं असं रान पुन्हा वहिताखाली आणायला गावाकडं येतात. चांगलं आहे. पण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, स्लॅशर किती फुटी आणू?" अरे, यंत्राचं नंतर बघू. पहिल्या दिवशी ट्रॅक्टर घरीच राहू दे. गुडघ्यापर्यंत गमबूट घाल, हातात लांब काठी घे, आणि रान चालून ये.

मला ट्रॅक्टर शिकवला थोरल्या चुलत्यांनी. त्यांचा दंडक होता, जिथं स्वतःचे पाय फिरलेले नाहीत तिथं चाक फिरवायचं नाही. हे ते बैलांच्या काळापासून सांगत आलेले. बैल खड्डा दिसला की थबकतो, ट्रॅक्टर थबकत नाही.

सगळ्यात आधी विहीर शोध. आपल्याकडं जुन्या विहिरींना कठडा नसतो, किंवा असलेला ढासळलेला असतो. चार पावसाळे गेले की काठावरचं गवत आणि घाणेरी अशी माजते, की दहा पावलांवरून विहीर दिसत नाही. सात-बाऱ्यावर विहिरीची नोंद बहुधा सापडते, पण रानात ती नेमकी कुठं आहे हे त्या कागदावरून कळत नाही. त्यासाठी शेजारच्या बांधावरच्या म्हाताऱ्याला विचार. तो नसेल तर पाखरांवर नजर ठेव. सकाळी पारव्यांचा थवा जमिनीतूनच वर आल्यासारखा उडाला, तर तिथं विहीर आहे, कारण रानपारवे विहिरीच्या कपारीत घरटी करतात. सुगरणीचे खोपे एखाद्या बाभळीच्या एकाच बाजूला लटकलेले दिसले, तर खाली पाणी किंवा विहीर असण्याचा संभव मोठा. सुगरण मुद्दाम पाण्यावर झुकलेली फांदी निवडते. आणि सपाट रानात मधेच नुसता उंबराचा शेंडा, तोही जमिनीलगत दिसला, तर समज की उंबर विहिरीच्या बांधकामातून फुटलाय. काठ सापडला की चारी बाजूंनी चांगली दहा-पंधरा फूट जागा सोडून बांबू रोव आणि त्यांना लाल चिंध्या बांध. जुन्या विहिरीचा काठ आतून पोखरलेला असतो, ट्रॅक्टरचं वजन त्याला सोसत नाही. तेवढ्या पट्ट्यातलं गवत कोयत्यानं काढायचं, मग कितीही वेळ लागो.

गवतावरून जमीनही कळते. लव्हाळा दाट माजलाय, मधे पाणकणीस उभं आहे, तर ती जागा चिबड आहे. वरून कोरडी दिसली तरी मागची चाकं रुततात. हातभर उंचीची वारुळं दिसली तर तीही चिंधी लावून ठेव. वारुळाची माती वाळवीच्या लाळेनं घट्ट झालेली असते, पातं त्याच्यावर आपटलं की गिअर बॉक्सपर्यंत दणका जातो. शिवाय आत कोण राहतं ते तुला माहीत नाही.

याशिवाय काठीनं ढोसून बघायच्या गोष्टी म्हणजे जुन्या ठिबकच्या नळ्या, बोअरचा वर आलेला केसिंग पाइप, विजेच्या खांबाचा ताण, पडलेलं काटेरी कुंपण आणि गुरं बांधायचे लोखंडी खुंट. तार स्लॅशरच्या पात्याच्या दांड्याला गुंडाळली गेली की तेलाचं सील कापून टाकते. आणि तिचा तुटलेला तुकडा कुठं उडेल याचा भरवसा नाही. हद्दीच्या दगडांवर थोडा चुना टाक म्हणजे सीटवरून ते दिसतील. हद्दीची खूण मोडली तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे दंड आहे, पण दंड परवडला, भावकीतला तंटा नाही परवडत.

आता यंत्र. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचा फिरत्या पात्यांचा स्लॅशर रोटाव्हेटरसारखा माती ढवळत नाही, तो जमिनीच्या वरून कापतो. पाच फुटी स्लॅशरला 35-40 एचपीचा ट्रॅक्टर पुरतो. ट्रॅक्टरचा अवजार फिरवणारा दांडा (पीटीओ) मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. स्लॅशरच्या गिअर बॉक्समध्ये तो वेग आणखी वाढतो आणि पात्याचं टोक ताशी 200 किलोमीटरच्या पुढं पळतं. हा आकडा डोक्यात ठेव, म्हणजे पुढच्या बऱ्याच गोष्टी मी सांगायला नकोत. त्या वेगानं उडालेला गोटा शंभर मीटरवरच्या माणसाला जायबंदी करू शकतो. म्हणून स्लॅशरच्या पुढं-मागं साखळ्यांची झालर असते; ती तुटलेली असेल तर काम सुरूच करायचं नाही. रस्त्याकडेचा पट्टा कापताना एक माणूस रस्त्यावर उभा कर, वाटसरू आला की तो हात दाखवील आणि तू पीटीओ बंद करशील. मडगार्डवर कुणाला बसवायचं नाही. लहान पोरं हट्ट करतात, बायका म्हणतात बसू द्या हो थोडा वेळ. नाही म्हणजे नाही.

सेकंदाला नऊ फेरे घेणाऱ्या दांड्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण पुष्कळ जण काढून टाकतात, ग्रीस मारायला अडतं म्हणून. ते आवरण असलंच पाहिजे. धोतराचा सोगा, उपरण्याचं टोक, ओढणी, सैल बाही, काहीही त्या दांड्यात अडकलं तर सोडवायला वेळ मिळत नाही, माणूसच ओढला जातो. दांडा फिरत असताना तो ओलांडायचा नाही. आणि पीटीओ बंद केला तरी पाती आपल्या जोरावर फिरत राहतात. ती पूर्ण थांबल्याशिवाय सीटवरून उतरू नकोस. खाली वाकून बघायचं असेल तर इंजिन बंद कर, चावी खिशात घाल आणि स्लॅशरखाली लाकडी ठोकळे ठेव. नुसत्या हायड्रोलिकवर उचललेल्या अवजाराखाली डोकं घालायचं नाही, लिफ्ट कधी खाली बसेल सांगता येत नाही.

सकाळी निघण्याआधी दांड्याच्या दोन्ही क्रॉसना ग्रीस मार, गिअर बॉक्सचं तेल बघ, पात्यांचे बोल्ट आवळ. पातं बदलायचं झालं तर जोडीनंच बदल. एक नवं आणि एक झिजलेलं असलं की तोल जातो आणि सगळं यंत्र थरथरतं. पाती वस्तऱ्यासारखी पाजळायची नाहीत. फार बारीक धार पहिल्याच दगडाला दुमडते. ही पाती धारेपेक्षा वेगानं कापतात. शिअर बोल्ट तुटला तर तिथं दुकानातला कुठलाही जाडजूड बोल्ट ठोकू नकोस. तो तुटावा म्हणूनच तिथं बसवलेला असतो. तो तुटला नाही तर मग गिअर बॉक्स तुटतो. त्याच मापाचे दोन-चार बोल्ट टूलबॉक्समध्ये टाकून ठेव.

ट्रॅक्टरचा क्लच कोणता आहे हे आधी विचारून घे, यात नवखी पोरं हमखास फसतात. डबल क्लच असेल तर पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात आणि पाती कापत राहतात. दाट जागी हे फार उपयोगाचं. सिंगल क्लच असेल तर पेडल दाबल्यावर चाकं आणि पीटीओ दोन्हींचा इंजिनाशी संबंध तुटतो, पण फिरत्या पात्यांचा जोर उलटा गिअर बॉक्समध्ये येतो आणि क्लच दाबलेला असतानाही ट्रॅक्टरला पुढं ढकलतो. बांधाच्या टोकाला, चारीच्या काठाला हा धक्का महागात जातो. असा ट्रॅक्टर असेल तर दांड्याला ओव्हररनिंग क्लच बसवून घे; तोपर्यंत कडेच्या चांगला अलीकडंच थांब.

रेस आणि वेग यांची गल्लत करू नकोस. रेस मीटरवरच्या 540 च्या खुणेवर ठेव आणि चाकांचा वेग गिअरनं कमी कर, लो दोन किंवा लो तीन. गवत दाट आलं म्हणून रेस कमी केली तर पाती गवत कापायचं सोडून झोडपतात, आणि इंजिन दबतं. पहिल्या फेरीत स्लॅशर जमिनीपासून वीतभर तरी उंच ठेव. दगड, खुंट, खड्डे तेव्हाच उघडे पडतात. दुसऱ्या दिवशी, गवत सुकल्यावर, दुसरी फेरी खाली घे. एकाच फेरीत हजामत करायला गेलास की पाती मातीत घुसतात. स्लॅशरची पुढची कड मागच्यापेक्षा बोटभर खाली राहील अशी टॉप लिंक लाव. कापलेलं मागून मोकळं बाहेर पडतं आणि इंजिनावर ओझं येत नाही.

वेड्या बाभळीचं झुडूप पाच-सहा फुटांचं झालं असेल तर त्यावर पुढून ट्रॅक्टर घालू नकोस. बाभळीचं कापलेलं बुड टोकदार राहतं आणि टायर फाडतं, काटे रेडिएटरच्या जाळीत घुसतात. मनगटाएवढ्या बुडाच्या बाभळी आधी कुऱ्हाडीनं काढ, त्याही अगदी जमिनीलगत. उतार असेल तर उभ्या उतारानं वर-खाली जा, आडवा जाऊ नकोस.

वेळ म्हणशील तर सकाळी दव उतरल्यावर. ओलं गवत स्लॅशरच्या आत लगद्यासारखं चिकटतं. चैत्र-वैशाखात भर दुपारी वाळलेल्या रानात शिरू नकोस. दगडावर पातं आपटून ठिणगी उडते, सायलेन्सर तापलेला असतो, आणि वणव्याला तेवढं पुरतं. पाण्याचा कॅन आणि कडुलिंबाचा हिरवा डहाळा जवळ ठेव. तास-अर्ध्या तासानं उतरून रेडिएटरची जाळी झाड. गवताचं बी आणि कापूस तिथं गच्च बसतो आणि इंजिन तापतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे सांगायला नको. सगळं धरून एकरी दीड-दोन तास धर. कुणी अर्ध्या तासात एकर करून देतो म्हणाला, तर तो तुझं रान नाही, स्वतःचं डिझेल बघतोय.

कापायला सुरुवात कुठून करायची हेही ठरलेलं आहे. बहुतेक जण चारी कडांनी गोल फिरत मध्यात येतात. तसं केलं की ससे, लावे, घोरपड, साप, सगळे मधल्या गवतात कोंडतात आणि शेवटच्या फेरीत पात्याखाली येतात. वस्ती किंवा रस्ता असलेल्या बाजूनं सुरू कर आणि ओढ्याकडं, झाडीकडं सरकत जा. जनावराला पळायला वाट राहते आणि साप वस्तीत येत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर थांब, तिची अंडी उघड्यावर, खड्यांत ठेवलेली असतात. तेवढा तुकडा राहिला तर काही बिघडत नाही. घोणस, फुरसं पात्यात सापडलं तर तुटलेल्या डोक्याला हात लावायचा नाही, ते बराच वेळ चावू शकतं. चावलंच तर मांत्रिक नको, कापाकापी नको, दोरीनं आवळणं नको. 108 ला फोन आणि सरळ ग्रामीण रुग्णालय. झुडपात फुलोरी माशीचं पोळं असेल किंवा गांधीलमाश्या असतील तर त्या पहिल्या घरघरीलाच उठतात. कोकणाकडं, घाटात खाजकुइलीच्या शेंगा वाळलेल्या असतील तर तो वेल यंत्रानं कापूच नकोस. शेंगांवरची कुसं हवेत पसरली की दिवसभर अंगाची आग होते.

आता गाजर गवत. पुण्यात 1955 च्या सुमारास दिसलेलं हे तण आज प्रत्येक पडीकात आहे. एकेक झाड हजारांनी बी टाकतं, म्हणून फुलोरा यायच्या आत कापायचं. पांढरी फुलं आल्यावर स्लॅशर घातलास तर तू कापणी नाही, पेरणी करतोयस. कापलेलं बुडातून पुन्हा फुटतं, तेव्हा पावसानंतर जमीन मऊ असताना उरलेली बुडं हातमोजे घालून मुळासकट उपट. ज्याच्या अंगावर याची पुरळ उठते, त्याला या कामावर पाठवू नकोस.

हरळी, कुंदा आणि लव्हाळ्याला स्लॅशर फक्त वरून भादरतो, मुळं जिवंतच राहतात. म्हणून कापून झालं की लगेच रोटाव्हेटर फिरवायचा मोह आवर. रोटाव्हेटर हरळीच्या काशांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला कोंब येतो. लव्हाळ्याच्या गाठी तो रानभर वाटतो. उन्हाळ्यात खोल नांगरट कर, काशा वर येऊ दे, उन्हात वाळू दे, वेचून बांधावर टाक. हे काम कंटाळवाणं आहे, आणि दुसरी वाट तणनाशकाची. ती जाणत्याला विचारूनच. बी न धरलेलं कापलेलं गवत मात्र जाळू नकोस, रानातच पसरू दे.

राहिला तुझा पहिला प्रश्न. दोन-चार एकरांसाठी स्लॅशर विकत घेऊ नकोस. महाडीबीटी पोर्टलवर अवजारांना अनुदान मिळतं म्हणून पोरं अर्ज भरतात आणि वर्षातले तीनशे साठ दिवस ते यंत्र गोठ्याशेजारी गंजत पडतं. गावात किंवा शेजारगावात भाड्यानं देणारा कुणीतरी असतोच. ठरवताना दर नंतर विचार. आधी साखळ्यांची झालर, दांड्याचं आवरण आणि ड्रायव्हर किती वर्षं हे काम करतोय ते बघ. आणि त्याला रानात घालण्याआधी, लाल चिंध्या कुठं कुठं आहेत ते त्याच्याबरोबर चालत जाऊन दाखव.