स्वस्त वस्त्र आणि अस्तेय

वांद्र्यास लिंकिंग रोडवर पदपथावरच कपड्यांचा बाजार भरतो. तिथे निदान पोत हाताने पाहता येतो. आता मोबाईलवर बोट टेकले की सदरा घरपोच, तोही चहा-फराळाच्या पैशांत! मोह पडतो खरा. गरिबाच्या लेकराला सणाला नवे मिळते, त्याला आम्ही नावे ठेवीत नाही.

पण शंका अशी की, कापूस, सूत, रंग, हमाली एवढे भागवून शिवणाराच्या हाती काय उरले? २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली. परदेशी दुकानांचे कपडे तिथे शिवले जात. आदल्या दिवशी तडे दिसले होते, तरी माणसे कामावर बोलावली. अकराशेंवर जीव गेले. त्यांत बायाबापड्याच पुष्कळ.

आपले नामदेवराय शिंपी. पंढरीस त्यांच्या पायरीपाशी आपण माथा टेकतो, आणि त्यांच्याच धंद्यातल्यांचे श्रम बुडवून आलेले वस्त्र अंगावर मिरवतो! याला अस्तेय कसे म्हणावे? एक सदरा विरेपर्यंत वापरणाऱ्याशी आमचा वाद नाही. दोनदा घालून टाकणाऱ्याशी आहे. उसवले तर कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे न्यावे, अन् मजुरीत घासाघीस करू नये.