नौतप्याची वही

काल तू मोबाइलवर जे दाखवलंस ते मी तीनदा पाहिलं, बेटा. लांबट अंग, डोळ्यांभोवती काळसर पट्टा, पाठीची कमान करून आडव्या उड्या. तू म्हणालीस, आजोबा, हा फेरेट आपल्याकडे आणायचा. तुझी आई 'हे काय, उंदीर की मुंगूस' म्हणत उठून गेली. मी गप्प राहिलो. घाईनं हो म्हणावं तर त्या मुक्या जिवाचं नुकसान, नाही म्हणावं तर तुझा हिरमोड. आता सावकाश ऐक. माझी सगळी नोकरी गुराढोरांच्या दवाखान्यात गेली, आणि फेरेट मी दोन महिने मांडीवर खेळवला आहे. जे माहीत आहे तेवढंच सांगतो.

आधी मुंगसाचं सांगतो, कारण तुझ्या आईनं नाव काढलंच आहे. मी सात-आठ वर्षांचा असेन. इथंच, रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आपल्या जुन्या घरात, कवेलूचं छप्पर होतं आणि मागं विहीर. पावसाळ्यात साप निघायचे, म्हणून आमच्या आजोबांनी कुणाकडून तरी मुंगसाचं पिल्लू आणलं. ते माझ्या सदऱ्याच्या बाहीतून शिरायचं आणि गळ्याशी डोकं काढायचं. त्याची नखं लागलेले ओरखडे मी शाळेत मिरवायचो. रात्री मात्र त्याला सुतळीनं खांबाला बांधत. एका सकाळी कुरतडलेली सुतळी तेवढी उरली होती. मी दोन दिवस धड जेवलो नाही. पुढं या धंद्यात शिरलो तेव्हा उमगलं की ते पाळलेलं नव्हतंच, नुसतं बांधलेलं होतं. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर मुंगूस पाळणं हा गुन्हा आहे. कुणी 'स्वस्तात फेरेट देतो' म्हणून पिल्लू दाखवलं तर शेपूट बघ. मुंगसाची शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब, आणि एकेका केसावर काळे-पांढरे पट्टे, म्हणून सगळं अंग राखेत मीठ-मिरी कालवल्यासारखं दिसतं. फेरेटची शेपूट त्या मानानं आखूड.

नात्यानंही दोघं लांबचे. मुंगूस मांजराच्या बाजूचं, फेरेट पाणमांजराच्या गोतातला. युरोपात पोलकॅट नावाचा रानटी प्राणी आहे, त्याला माणसानं दोन हजार वर्षांहून जास्त काळ माणसाळवून फेरेट केला. सशांच्या बिळात सोडायचा आणि ससे बाहेर काढायचे, हे त्याचं काम. म्हणून तो मुंगसासारखा पळून जाऊन रानात सुखी होईल असं समजू नकोस. घरातून निसटलेला फेरेट आपल्या गल्लीत दोन दिवसही काढणार नाही.

आता इंग्लंडातल्या लेस्टरची गोष्ट. तुझी आत्या तिथं राहते, तिच्या नवऱ्याकडं दोन फेरेट होते, भाऊ-बहीण. मी २०२२ च्या उन्हाळ्यात तिकडं होतो. सकाळी पिंजरा उघडला की दोघं एकामागून एक बाहेर यायचे, माझ्या पायजम्याच्या नाडीला झोंबायचे, आणि मग तो नाच सुरू. तोंड उघडं, अंग वाकडं, भिंतीला धडकायचं, पडायचं, परत उठायचं. आनंदात असले की घशातून 'कुक् कुक् कुक्' असा बारीक आवाज काढतात, कोंबडी अंड्यावर बसली असताना काढते तसा. भुंकणं नाही, ओरडणं नाही. तासभर धिंगाणा, आणि एकदम जिथं असतील तिथं गाढ झोप. दिवसातले चौदा-सोळा तास, कधी अठरा तासही झोपतात. पहिल्यांदा ती मादी माझ्या टोपीत अशी लुळी पडून झोपली की मला वाटलं गेली. छातीला हात लावला तर धडधड चालू होती. मी ते विसरलेलो नाही, म्हणून तुला काय आवडलं ते मला पक्कं कळतं.

पण त्याच मुक्कामात १९ जुलै आला. त्या दिवशी इंग्लंडात कॉनिंग्सबीला ४०.३ अंश तापमान झालं, त्या देशात आजवर कधी झालं नव्हतं एवढं. घरात ए.सी. नाही. खोलीतला काटा ३१ वर गेला आणि नर स्वयंपाकघरातल्या फरशीवर पोट टेकून चपटा पडला. तोंड उघडून धापा टाकू लागला, हिरड्या लालभडक. जावई पंखा लावायला धावला. मी म्हटलं, पंख्यानं काही होणार नाही. फेरेटला आपल्यासारखा घाम येत नाही, त्याच्या अंगावरून गरम वाराच जाईल. आम्ही साध्या गार पाण्यात कापड भिजवून पंजे आणि जांघा पुसल्या, गोठवलेल्या पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून शेजारी ठेवली, आणि डॉक्टरकडे नेला. वाचला. बर्फाच्या पाण्यात बुडवला असता तर त्या धक्क्यानं कदाचित गेला असता. हे नीट लक्षात ठेव, कुत्र्यालाही लागू आहे.

तिकडं त्या चाळीस अंशांची पेपरात मोठी बातमी झाली. आपल्याकडं एप्रिल अर्धा सरत नाही तोवर चाळीस होतात, आणि मे महिन्यात रायपूर ४४-४५ ला जातं. फेरेटला २७ च्या वर त्रास सुरू होतो, तिशीच्या पुढं जीव धोक्यात. तू म्हणशील, कूलर आहे ना. कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत खोली गार करतो हे खरं, पण पंचविशीला आणत नाही. आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कूलर म्हणजे नुसती ओल. म्हणजे एका खोलीत चोवीस तास ए.सी. लागणार, मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत. आणि भर दुपारी लाइट गेली तर ए.सी. ओढणारा इन्व्हर्टरही. तू ऑफिसात, घरात मी एकटा दुपारी डुलकी काढणारा. हा हिशेब सगळ्यात आधी कर. बाकी सगळं यानंतर.

खाण्याचं. हा पक्का मांसाहारी आहे. आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. दिवसातून आठ-दहा वेळा थोडं थोडं लागतं. दूध-पोळी, दहीभात, पनीर, केळं, यातलं काही त्याला पचत नाही. गोड तर तोंडाशीही नेऊ नये. यांच्यात स्वादुपिंडाच्या गाठी होतात, साखर एकदम उतरते आणि जनावर कोसळतं. म्हणून रोजच्या खाण्यात पिष्टमय, गोड काही नकोच. कोंबडी, अंडं, किंवा भरपूर प्रथिनांचं मुद्दाम बनवलेलं खाणं, एवढंच. आपल्या घरात आजवर अंडं चढलं नाही, बेटा. तुझी आजी असती तर तिनं कदाचित मागच्या पडवीत वेगळं भांडं ठेवून दिलं असतं, ती मनानं मोठी होती. पण श्रावणात महिनाभर थांब असं या प्राण्याला सांगता येत नाही. आईशी हे उघड बोल. चोरून करू नकोस. घरात ज्याच्यामुळे भांडण होतं त्या जनावराचे हाल होतात, हे मी दवाखान्यात फार पाहिलं आहे.

वास येतो. तो कातडीतल्या तेलाचा असतो, कितीही प्रेम असलं तरी येतो. त्यावर लोक आठवड्याला आंघोळ घालतात आणि वास वाढवून बसतात, कारण कातडी कोरडी पडली की ती आणखी तेल सोडते. अंगाला पाणी क्वचित, अंथरूण मात्र दर तीन-चार दिवसांनी धुवायचं. लेस्टरला आत्या जुन्या बनियनांच्या झोळ्या शिवून टांगायची, त्या त्यांना फार आवडायच्या. घाण कोपऱ्यातच करतात, तिथं पसरट भांडं ठेवलं तर बहुतेक वेळा त्यातच, पण दहातल्या दोन वेळा बाहेर धरून चाल.

आणि आपलं घर! एवढ्यासाठी मी आज सकाळी हातात फुटपट्टी घेऊन फिरलो. फेरेटचं डोकं जिथून जातं तिथून अंग जातं. आपल्या मोरीचं भोक थेट गल्लीत उघडतं आणि बाहेर कुत्री बसलेली. जिन्याखालची फट, स्वयंपाकघरातल्या ओट्यामागची जागा, दिवाणाचं खालचं फळकूट, हे सगळं जाळीनं बंद करावं लागेल. तुझ्या काकांची ती मागं झुकणारी खुर्ची खोलीतून काढायची. अशा खुर्चीच्या यंत्रात शिरून झोपलेले फेरेट चिरडून मेलेले आहेत. वॉशिंग मशीन लावण्याआधी आत हात घालून बघायचं, दर वेळी. रबर चावायची यांना खोड असते. हवाई चप्पल, खोडरबर, रिमोटची बटणं. तुकडा गिळला की आतडं अडतं आणि पोट फाडण्यावाचून इलाज नसतो. चोरतातही. यांचं लॅटिन नाव फुरो, अर्थ चोर. आत्याच्या घरी पलंगाखाली माझे मोजे, चष्म्याचं घर आणि तीन बटाटे निघाले होते.

लसीबद्दल कान देऊन ऐक. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर फेरेटला झाला की तो वाचत नाही असंच धरायचं. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना हात लावून, चपला घालून तू आत आलीस तरी धोका. पण कुत्र्याची कुठलीही लस उचलून टोचायची नाही, काही लसींनीच फेरेटला तो रोग झालेला आहे. कोणती लस, कुठून येणार, कोण देणार, हे जनावर घरी येण्याआधी ठरलं पाहिजे. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं मी तुला घेऊन जातो. समोर बसून एकच विचार, तुम्ही फेरेटवर हात चालवला आहे का. डॉक्टर कुत्र्या-मांजरात कितीही हुशार असला तरी हे वेगळं काम आहे.

आपला फ्लू मात्र यांना सरळ लागतो. १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढला तो फेरेटवरच, आणि अशाच प्रयोगांत एक आजारी फेरेट एका शास्त्रज्ञाच्या तोंडावर शिंकला, तर त्यालाही फ्लू झाला. तुला सर्दी-ताप असेल तेव्हा मास्क लावून खाणं ठेवायचं आणि दूर राहायचं.

मादी घेणार असशील तर एक गोष्ट लोक सांगत नाहीत. ती माजावर आली आणि नराशी संबंध आला नाही, तर माज उतरतच नाही. अंगातल्या त्या संप्रेरकानं हाडातला मगज मरतो, रक्त बनणं थांबतं आणि ती मरते. म्हणून शस्त्रक्रिया किंवा तसलं इंजेक्शन यातलं काहीतरी वेळेवर व्हायलाच हवं. गायी-म्हशींच्या हिशेबानं चालणाऱ्या माझ्यासारख्याला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

तुझ्या वहिनीचं बाळ सध्या पाळण्यात आहे. मुंगसानं बाळाला सापापासून वाचवलं ती गोष्ट तू लहानपणी माझ्याकडूनच ऐकलीस, पण फेरेटला तान्ह्या बाळाजवळ क्षणभरही मोकळं सोडायचं नाही. त्यांची आपसातली खेळण्याची रीत चावण्याची आहे, त्यांची कातडी जाड, आपली नाही. चावला तर ओढू नकोस, मारू नकोस. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून उचल. तो जांभई देतो आणि लुळा पडतो. मी हे शंभर वेळा केलं असेल, दर वेळी जांभई.

दुकानातून घेतलास तर २०१८ च्या नियमांप्रमाणे ते दुकान राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदलेलं असलं पाहिजे. पावती माग, नोंदणीचा कागद बघ. टाळाटाळ झाली तर उठून ये, पिल्लू कितीही गोड असो. एकटा आणायचा नाही, एकटा फेरेट झुरतो. म्हणजे दोन, आणि दोघांना रोज निदान चार तास पिंजऱ्याबाहेर, पाच ते आठ वर्षं. तुझं लग्न, बदली, सगळं त्या आठ वर्षांत येतं. आणि कंटाळून कधी बूढातलावाच्या काठाला नेऊन सोडायचा विचारही करू नकोस. न्यूझीलंडनं १८८० च्या दशकात ससे आवरायला फेरेट रानात सोडले, त्यांनी जमिनीवर राहणारे पक्षी खाल्ले. २००२ पासून तिथं त्यांची विक्री आणि पैदास बंद आहे.

मला विचारशील तर या गावात, या घरात, आज तरी आणू नये. पण मी माझ्या मतावर तुला थांबवणार नाही. एक काम कर. मे महिन्याच्या शेवटी नौतपा लागेल, ते कडक उन्हाचे नऊ दिवस. तुझ्या खोलीत, जिथं पिंजरा ठेवायचा म्हणतेस तिथं, जमिनीपासून वीतभर उंचीवर थर्मामीटर टांग. नऊ दिवस, सकाळी आठ, दुपारी बारा, तीन, आणि रात्री दहाला आकडा लिही. दुपारचे आकडे मी लिहीन, डुलकी काढणार नाही. लाइट किती वेळ गेली तेही लिहायचं. ए.सी. चालू ठेवून चार दिवस, बंद ठेवून पाच. कपाटात माझ्या दवाखान्यातली एक कोरी वही आहे, रेघा आखलेली. ती घे.