दूरचा प्रश्न आणि दारचा प्रश्न
(बॅरिस्टर नाथ पै यांच्या संसदीय कार्याचा अभ्यास)



लोकसभेची निवडणूक जवळ आली, की आपल्या राऊ गावातही सभा भरतात. वडीलधारी मंडळी उमेदवाराला रस्त्याविषयी, पाण्याविषयी, रेल्वेगाडीच्या थांब्याविषयी विचारतात. हे प्रश्न रास्तच होत. परंतु शेजारच्या राष्ट्राशी आपले संबंध कसे असावेत, असे कोणी विचारल्याचे आम्हांस तरी स्मरत नाही. परराष्ट्रधोरणावर बोलणे म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणे, अशी आपली समजूत झालेली आहे. ज्याला आपण आपल्या गावाचे काम करण्यास पाठविले, त्याने जगाची उठाठेव का करावी?

ही समजूत बरोबर आहे काय, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. त्यासाठी कोकणच्या एका लोकप्रतिनिधीचे उदाहरण घेऊ. ते म्हणजे बॅरिस्टर नाथ पै.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. १९४२ च्या लढ्यात त्यांनी कारावास भोगला. पुढे ते इंग्लंडला गेले आणि बॅरिस्टर झाले. युरोपात असताना तेथील समाजवादी तरुणांशी त्यांचा निकट संबंध आला. समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. मायदेशी परतल्यावर १९५७ साली प्रजासमाजवादी पक्षाच्या वतीने ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९६२ आणि १९६७ सालीही तेथील मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले. त्यांचा पक्ष विरोधी बाकांवर बसणारा होता. मंत्रिपद त्यांना कधीच लाभले नाही. त्यांच्या हाती साधन होते ते एकच, आणि ते म्हणजे सभागृहात विचारपूर्वक उच्चारलेला शब्द.

आता त्यांचा मतदारसंघ कसा होता ते पाहा. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग त्यात येत असे. त्यापैकी पुष्कळसा प्रदेश आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. वेंगुर्ले आणि सावंतवाडी ओलांडून दक्षिणेस गेले, की गोव्याची हद्द लागते. आज ती एका राज्याची हद्द आहे. १९५७ साली मात्र तेथे पोर्तुगालचे राज्य होते. इंग्रज १९४७ साली गेले, फ्रेंचांनी १९५४ साली पुदुच्चेरीचा कारभार भारताच्या स्वाधीन केला, पण पोर्तुगीज हटण्यास तयार नव्हते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर त्यांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक सत्याग्रही प्राणास मुकले. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी चालणारा व्यापार व दळणवळण यांवर कडक निर्बंध घातले.

दिल्लीच्या दृष्टीने हा परराष्ट्रखात्याचा विषय होता. पण सावंतवाडीकडील घरांत त्याचा अर्थ निराळा होता. कोणाची लेक पलीकडे दिलेली, तर कोणाचे मामा पलीकडे राहिलेले. मंगेशी किंवा शांतादुर्गा हे ज्यांचे कुलदैवत, त्यांचे देवदर्शनसुद्धा परक्या सत्तेच्या मर्जीवर अवलंबून होते. म्हणजे राजापूरच्या खासदाराने लोकसभेत गोव्याविषयी तोंड उघडले, तेव्हा तो जगाची उठाठेव करीत होता, की आपल्या मतदारांच्या उंबरठ्यावरचे दुःख मांडत होता? आमच्या मते या दोहोंत तेथे अंतरच नव्हते.

गोव्याचा प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. पोर्तुगाल हा पाश्चात्त्य राष्ट्रांच्या लष्करी करारातील सभासद होता. भारतीय प्रदेशातून दादरा व नगरहवेलीकडे जाण्याच्या हक्काबद्दल त्याने भारतावर आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता. त्याचा निकाल एप्रिल १९६० मध्ये लागला. आपले राष्ट्र जगाला शांततेचा उपदेश करीत होते, त्यामुळे शस्त्र उचलण्याविषयी सरकारचे मन कचरत होते. अशा वेळी हा प्रश्न भिजत पडू नये म्हणून सरकारला वारंवार टोचणी देणे, हे विरोधी सभासदांचे कर्तव्य ठरते. नाथ पै यांनी ते बजावले. अखेरीस डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली आणि १९ डिसेंबर रोजी गोवा मुक्त झाला. याच वेळी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला होता. सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरल्यामुळे तो फेटाळला गेला. न्यूयॉर्कमधील एका मताचा परिणाम वेंगुर्ल्याच्या वेशीवर कसा होतो, हे त्या दिवसांत कोकणाने पाहिले.

सभासदाला सभागृहात बोलण्याचे मार्ग कोणते, हेही येथे समजून घेऊ. बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. तारांकित प्रश्नास मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तातडीच्या सार्वजनिक प्रश्नाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधण्यासाठी लक्षवेधी सूचना देता येते. सरकारने गंभीर चूक केली असे वाटल्यास स्थगन प्रस्ताव मांडता येतो. अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात निरनिराळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेस येतात. परराष्ट्रखात्याच्या मागणीवर चर्चा होते, तेव्हा साऱ्या जगाचा प्रश्न सभागृहापुढे येतो. ज्या सभासदाने अभ्यास केला आहे, त्याला या प्रत्येक दारातून आपल्या मतदारांचे गाऱ्हाणे आत नेता येते. ज्याने केला नाही, त्याला सारी दारे उघडी असूनही बाहेरच उभे राहावे लागते.

गोव्याइतकाच कोकणच्या रेल्वेचा प्रश्नही नाथ पै यांच्या जिव्हाळ्याचा होता. त्या काळी दक्षिण कोकणातील घराघरांतून कर्ता पुरुष मुंबईस नोकरीला असे आणि पोस्टमनने आणलेल्या मनीऑर्डरीवर मागचा संसार चाले. मुंबईहून येणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद होत. मग घाटाच्या वळणावळणांचा लांबचा प्रवास करण्यावाचून गत्यंतर नसे. कोकणात रेल्वे हवी, ही मागणी नाथ पै यांनी सतत लावून धरली. डोंगर फार, नद्या फार, खर्च फार आणि उत्पन्न थोडे, असा या मार्गाविरुद्धचा हिशेब होता. हा हिशेब खोटा नव्हता, पण अपुरा होता. रेल्वेवाचून उत्पन्न वाढत नाही आणि उत्पन्नावाचून रेल्वे येत नाही, अशा फेऱ्यात एखादा प्रदेश सापडला, तर त्याची सुटका कोणी करावी? शिवाय पश्चिम किनाऱ्यावर परकी सत्ता ठाण मांडून बसलेली देशाने पाहिली होती. त्या किनाऱ्याने जाणारी रेल्वे केवळ कोकणची सोय कशी म्हणता येईल? आम्हांला तर हा घरचा प्रश्नही देशाच्या संरक्षणाशी जोडलेला दिसतो.

मात्र ही रेल्वे नाथ पै यांना पाहावयास मिळाली नाही. १७ जानेवारी १९७१ रोजी हुतात्मादिनानिमित्त ते बेळगावात बोलले. महाराष्ट्र व त्या वेळचे म्हैसूर राज्य यांच्यातील सीमाप्रश्न हाही त्यांच्या कळकळीचा विषय होता. त्याच रात्री त्यांची प्रकृती बिघडली आणि १८ जानेवारीस त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. तीन वेळा निवडून दिलेल्या या प्रतिनिधीने आपल्या मतदारांना रेल्वे दिली नाही. सीमाप्रश्नही सुटला नाही. मग त्यांचे कार्य निष्फळ झाले, असे म्हणावयाचे काय?

याचे उत्तर पुढील घटना देतात. १९७१ साली राजापूरमधून प्रा. मधु दंडवते निवडून आले. त्यांनी तीच मागणी पुढे चालविली आणि १९७७ ते १९७९ या काळात ते स्वतःच रेल्वेमंत्री झाले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली नव्वदहून अधिक बोगदे खोदून रोहा ते मंगळूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पुरा झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी त्या संपूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झाली. नाथ पै यांच्या निधनानंतर सत्तावीस वर्षांनी! ज्याने बी पेरले त्याच्याच ताटात फळ पडते असे नाही. सभागृहात अभ्यासपूर्वक नोंदविलेला शब्द मागे राहतो, आणि पुढचा माणूस तेथून आपले काम सुरू करतो.

आता आपण पुन्हा राऊला येऊ. आपले गाव इंदूर आणि महू यांच्या वाटेवर आहे. महू ही जुनी लष्करी छावणी. परराष्ट्रधोरण चुकले, तर त्याची किंमत प्रथम सैनिकांच्या घरांना मोजावी लागते, हे छावणीच्या शेजारी राहणाऱ्यांना निराळे सांगावयास नको. जवळच्या पीथमपूरमधील कारखान्यांचा माल परदेशी जातो. परदेशाशी संबंध बिघडले, तर त्याची झळ तेथे खपणाऱ्या कामगारापर्यंत पोहोचते. कोकणातील चिपळूण येथे जन्मलेल्या श्रीमती सुमित्रा महाजन यांनी १९८९ ते २०१९ अशी सलग तीस वर्षे लोकसभेत इंदूरचे प्रतिनिधित्व केले. २०१४ ते २०१९ या काळात त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. त्या काळात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, दक्षिण आशियातील संसदांच्या अध्यक्षांची परिषद इंदुरातच भरली होती. शेजारी राष्ट्रांचे प्रतिनिधी आपल्या दाराशी आले होते. आणि कोकणवासीयांप्रमाणे आपणही एका रेल्वेमार्गाची दीर्घकाळ वाट पाहिली आहे. ३०९ किलोमीटरच्या इंदूर–मनमाड मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये.

मित्रहो, १९८९ पासून आपल्या देशात अठराव्या वर्षी मताधिकार मिळतो. तुमच्यापैकी अनेकांना तो येत्या तीन-चार वर्षांत मिळेल. तोवर एक गोष्ट करा. आपल्या खासदाराने गेल्या वर्षात कोणते प्रश्न विचारले, ते शोधून वहीत दोन रकाने करून लिहा. एका रकान्यात दारचे प्रश्न, दुसऱ्यात दूरचे. एखादा रकाना कोरा राहिला, तर त्याचे कारण त्यांना पत्र लिहून आदरपूर्वक विचारा. आणि मग स्वतःलाही विचारा, की आपल्या घरातून त्यांना आजवर कोणत्या रकान्यातले प्रश्न गेले? मतदारांनी केवळ थांब्याविषयीच विचारले, तर थांब्यापलीकडे न पाहणारा प्रतिनिधी त्यांच्या वाट्याला आला, तर नवल ते काय!