जुन्या बॅटरीला नवीची जोड?

प्रश्न : आम्ही कोलकात्यात भवानीपूरला तळमजल्यावर राहतो. इन्व्हर्टर १२ व्होल्टचा, बॅटरी १५० एएचची, चार वर्षं जुनी. बॅकअप वाढवायला शेजारी नवी बॅटरी जोडावी, की मोठा इन्व्हर्टर घ्यावा?
— एक वाचक

उत्तर : मोठ्या इन्व्हर्टरवर एका वेळी जास्त उपकरणं चालतात, किती वेळ, ते बॅटरी ठरवते. तुमची बॅटरी नवी असताना कागदावर १,८०० वॉट-तासांची. प्रत्यक्षात हजार-बाराशे धरा. तीन पंखे, दिवे, राउटर मिळून ३०० वॉट झाले, तर जेमतेम चार तास.

जुनीला नवी जोडू नका, जुनी नवीलाही खाली ओढते. सोपा मार्ग म्हणजे जुनी बदल्यात देऊन एकच २०० एएचची घेणं. दोनच हव्या असतील तर एकाच बनावटीच्या, दोन्ही नव्या आणि समांतर जोडलेल्या. एकामागे एक जोडल्या तर २४ व्होल्ट होऊन इन्व्हर्टर जळेल. चार्जरही तपासा : १५० एएचला साधारण १५ अँपिअर लागतात.

मे २०२० च्या अम्फान चक्रीवादळानंतर शहरात कित्येक घरं चार-चार दिवस अंधारात होती. तेवढं कुठलाच घरगुती इन्व्हर्टर पुरवत नाही, तेव्हा उगाच खर्च वाढवू नका.

तळमजल्यावर पावसाचं पाणी शिरू शकतं, म्हणून बॅटरी उंच, हवेशीर कट्ट्यावर ठेवा. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर घरात २३० व्होल्ट सोडतच राहतो. पाणी उंबऱ्याशी येण्याआधी तोही बंद करा.