पोटगीचा दावा : पहिल्या तारखेआधीची तयारी



पाड्यांवरच्या टाकलेल्या बहिणींसोबत मी तालुक्याच्या कोर्टात जाते. एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी यांनीच त्या थकतात. नवरा पुढची तारीख मागत राहतो आणि शेवटी मिळेल त्या रकमेवर त्या अंगठा देतात. म्हणून या वेळी दाव्याच्या सुरुवातीच्या टप्प्याचा अभ्यास करू.

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात 2013 साली एका पत्नीने अंतरिम पोटगी मागितली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात 2020 पर्यंत चालला. 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालात न्यायालयाने देशभरासाठी पद्धत घालून दिली :

1. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचे शपथपत्र सुरुवातीलाच द्यायचे.
2. नवऱ्याने उत्तर व शपथपत्र चार आठवड्यांच्या आत द्यायचे. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी नाहीत. मुद्दाम टाळले, तर त्याचा बचाव रद्द होऊ शकतो.
3. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. त्यामुळे तारखा लांबवून नवऱ्याची रक्कम वाचत नाही.

शेतकरी कुटुंबांसाठी शपथपत्राचा वेगळा नमुना आहे. त्यात जमीन, पीक, बटाईची शेती, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या हे सारे लिहायचे असते. म्हणजे ‘मला पगार नाही’ एवढे म्हणून नवऱ्याला सुटता येत नाही. रोजंदारीवरच्या अगदी गरीब पक्षकारांना न्यायालय या शपथपत्रातून सूट देऊ शकते.

पोटगीचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो. तो कोणत्याही धर्माच्या वा जमातीच्या स्त्रीला करता येतो. ख्रिस्ती जोडप्याचा घटस्फोट 1869 च्या कायद्याने चालतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा, असे दोन्ही कायदे सांगतात.

मंडळीने काय करावे?

लग्न सिद्ध करायला कागद लागतो. पाळकांनी विवाह नोंदवहीचा उतारा मागताच द्यावा. सातबारा, रेशनकार्ड आणि मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात. वनहक्काचा पट्टा असेल तर तोही पाहावा. विवाहितांच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावा, असे 2006 चा कायदा म्हणतो. वकिलाच्या फीची भीती नको. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना आणि आदिवासींना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आणि तारखेला कोणीतरी सोबत जावे. एकटी बाई लवकर खचते.

चर्चेसाठी प्रश्न :
1. आपल्या मंडळीची विवाह नोंदवही पूर्ण आहे का?
2. कोर्टाच्या तारखेला सोबत कोण जाईल? त्या दिवशी तिची मुले कोण सांभाळील?