घरी आहे म्हणजे रिकामा नाही

आईबाबांनो, मोवाड असो, जलालखेडा असो की सावरगाव, आपल्या नरखेड तालुक्यात शिकलेलं पोरगं घरी दिसलं की पारावर कुणीतरी विचारणारच, "लागला का मंग कुठं?" तुम्ही मान खाली घालून सांगता, "नाही, घरीच हाय सध्या." आतल्या खोलीत बसलेल्या पोराला ते ऐकू जातं. आज त्याच्यासाठी तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

पूर्वी पोरगा काखेत फाइल मारून नरखेड स्टेशनवरून नागपूरची गाडी पकडायचा, तेव्हा तो नोकरीच्या मागे आहे हे घराला दिसायचं. आता जाहिरात मोबाइलवर, अर्ज मोबाइलवर, पुण्याच्या कंपनीची पहिली मुलाखतसुद्धा मोबाइलवर. तो खाटेवर मांडी घालून बसलेला. रील पाहतोय की अर्ज भरतोय, दारातून दोन्ही सारखंच दिसतं. तुम्हाला शंका येते, त्यात तुमचा दोष नाही.

पण मग होतं काय? घरी आहेच, तर मोटर सुरू करून ये. ई-पीक पाहणी भरून टाक. आजोबांचा फार्मर आयडी काढून आण. काकाचा सातबारा पाहून दे. व्यापारी बाग पाहायला आलाय, त्याच्यासोबत जा. शिकलेलं पोरगं म्हणजे घरचं फुकटातलं सेतू केंद्र! अंबिया बहाराची तोड सुरू झाली की मग तर बोलायलाच नको. शेतकऱ्याच्या घरात हातभार लावावाच लागतो, आणि दोन तास बागेत राबलेल्या पोराला रात्री झोपही बरी लागते. माझं म्हणणं हाक कधी मारायची, एवढंच आहे.

एक ऑनलाइन अर्ज भरताना शेजारी बसून बघा एकदा. फोटो ठरलेल्या मापात बसवायचा, सही वेगळी चढवायची, नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपली का ते पाहायचं. ओटीपी येत नाही म्हणून मोबाइल घेऊन स्लॅबवर पळायचं. तेवढ्यात खालून हाक येते, "अरे, गाईले पाणी दाखव." परत येईस्तोवर ते पान बंद झालेलं असतं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग तो खेकसतो. घर म्हणतं, पोराचा स्वभाव बिघडला.

म्हणून सकाळचे तीन तास त्याचे ठेवा. कोणते, ते त्यालाच ठरवू द्या, कारण लाइटीचं वेळापत्रक त्याला तुमच्याइतकंच पाठ आहे. त्या वेळात तो नागपूरला गेलाय असं समजा. तास संपले की बागेत न्या, बाजारात न्या, मित्रांकडे जाऊ द्या. संध्याकाळी पुन्हा मोबाइल घेऊन बसला तर उठवा. दिवसभर शोधत राहिल्यानं नोकरी लवकर लागत नाही, डोकं मात्र लवकर थकतं.

पोरगी घरी असेल तर हे तीन तास तिला आणखीच अवघड. तिच्या वाट्याला आधी भाकरी, मग पाहुणे, आणि उरलेल्या वेळात नोकरी. त्यात स्थळं दाखवणं सुरू झालेलं. मुलाला "प्रयत्न कर" आणि मुलीला "पाहू जमलं तर", हे मला अजिबात पटत नाही.

रोज जेवताना "काय झालं त्याचं?" विचारू नका. निकाल आला की तोच सांगेल. आठवड्यातून एकदा ठरवून बसा आणि तेव्हा मोकळेपणानं विचारा. आकडेही डोळ्यांपुढे असू द्या. २०२३ च्या तलाठी भरतीची मूळ जाहिरात होती ४,६४४ जागांची, आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. यात राहून गेलेलं प्रत्येक पोर आळशी होतं असं कसं म्हणायचं? त्या अर्जाची फी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये होती. एवढे पैसे दर वेळी मागताना पोरांची जीभ अडखळते, काही जण मागायला नको म्हणून अर्जच सोडून देतात. महिन्याला ठरावीक रक्कम न मागता हातात द्या. हिशेब हवा तर नंतर घ्या. मात्र नोकरी लावून देतो म्हणून कुणी आधी डिपॉझिट मागितलं, तर तो कितीही ओळखीचा असो, एक रुपया देऊ नका. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. ती कायमची नोकरी नव्हे, हे पोराला आधीच सांगा. पण अशा तात्पुरत्या कामाला "एवढ्यासाठी शिकवलं का?" म्हणून हिणवूही नका. सकाळी आंघोळ करून घराबाहेर पडायला कारण मिळालं की पोरं बदलतात.

आणि झोप पाहा. रात्रभर जागून दुपारी बारापर्यंत लोळणं, लग्नकार्याला जायचं टाळणं, ताटावरून अर्धं उठणं हे आठवडा-दोन आठवडे चाललं तर त्याला माज म्हणू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. पोरगं फोन करायला तयार नसेल तर आधी तुम्ही करा. आणि जगण्यातच अर्थ नाही अशी भाषा ऐकू आली, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

राहिला पारावरचा प्रश्न. पुढच्या वेळी कुणी विचारलं की पोरगं ऐकेल अशा आवाजात सांगा, "शोधून राहिला, दोन ठिकाणी अर्ज टाकले." आणि तुमच्या बागेचा भाव काय निघाला, ते त्यालाच विचारा.